युंग विंग

युंग विंग (मँडरिन उच्चार: रोंग होंग, जन्म: १७ नोव्हेंबर १८२८, मृत्यू: २१ एप्रिल १९१२) हे अमेरिकेतील विद्यापीठाची पदवी मिळविणारे पहिले चिनी विद्यार्थी होत. १८५४ साली ते येल महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे त्यांच्याच प्रयत्नांनी १८७२ ते १८७५ या काळात १२० चिनी मुले सरकारी खर्चाने शिक्षणासाठी अमेरिकेत गेली. चीनच्या आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव प्रामुख्याने या योजनेमुळे घेतले जाते. तथापि एका गरीब, केवळ चिनी बोलणाऱ्या घरातील मुलाने इंग्रजी कशी आत्मसात केली आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, या दृष्टीनेही त्यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

जन्म व बालपण

युंग विंग यांचा जन्म दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील नानपिंग या खेड्यात झाला. हे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातील मकाऊपासून सुमारे चार मैलांवर होते. आज ते जुहाई शहरात मोडते. चार भावंडांत ते तिसरे. थोरला भाऊ, मग बहीण, त्यानंतर युंग आणि शेवटी धाकटा भाऊ. घरची भाषा कँटनी चिनी. घरात इंग्रजीचा गंधही नव्हता.

त्या काळी मकाऊचा कारभार गोव्याहून चालत असे. पोर्तुगीज भारताच्या शासनापासून मकाऊ वेगळे झाले ते १८४४ साली. म्हणजे युंग विंग यांचे शाळकरी वय ज्या गावात गेले, ते गाव प्रशासनाच्या दृष्टीने काही वर्षे पणजीशी बांधलेले होते. त्यांच्या वाट्याला मात्र पोर्तुगीज भाषा आली नाही, इंग्रजी आली. याचे कारण मकाऊत राहणारे इंग्रज व अमेरिकी व्यापारी आणि त्यांच्यामागून आलेले मिशनरी.

मकाऊतील पहिली शाळा

जर्मन मिशनरी कार्ल गुट्स्लाफ यांच्या इंग्रज पत्नीने मकाऊत मुलींची शाळा सुरू केली होती. लंडनमधील स्त्रियांच्या एका संस्थेचे तिला साहाय्य होते. या शाळेला लवकरच मुलांचा एक वर्ग जोडण्यात आला. १८३५ साली वडिलांनी सात वर्षांच्या युंगला तेथे आणून सोडले. थोरल्या मुलाला त्यांनी रीतीप्रमाणे चिनी शाळेत घातले होते. मग या मुलाला परक्यांच्या शाळेत का, हा प्रश्न युंग विंग यांना उतारवयातही पडत असे. त्यांनी स्वतः बांधलेला तर्क असा, की परदेशी व्यापार वाढू लागल्याने घरातील एकाला इंग्रजी आली तर तो दुभाष्या होईल किंवा एखाद्या पेढीवर लागेल, असा हिशेब वडिलांनी केला असावा. इंग्रजीकडे पाहण्याची ही व्यवहारी दृष्टी आपल्याकडच्या पालकांनाही अपरिचित नाही.

उंच बांध्याची, निळ्या डोळ्यांची, फुगीर बाह्यांचा पांढरा झगा घातलेली बाई पाहून तो मुलगा थरथर कापू लागला आणि वडिलांना बिलगला. वयाने सर्वांत लहान म्हणून त्याला वरच्या मजल्यावर मुलींबरोबर ठेवण्यात आले. खालच्या मजल्यावरील मुलांना बाहेर खेळायला मिळे, याला मिळत नसे. हा कोंडमारा असह्य होऊन त्याने सहा मुलींना बरोबर घेऊन होडीतून पळ काढला. पाठलाग होऊन सर्वजण पकडले गेले. पळणाऱ्यांचा म्होरक्या असे लिहिलेला फलक छातीवर आणि डोक्यावर उंच कागदी टोपी अशा वेशात त्याला टेबलावर उभे करण्यात आले व त्याच्यादेखत इतर मुलांना संत्री वाटण्यात आली. ही शिक्षा त्यांना आयुष्यभर आठवत राहिली. परक्या भाषेचा पहिला धडा बहुतेक मुलांना भीतीच्या पोटीच मिळतो. युंग विंग याला अपवाद नव्हते.

१८३९ च्या सुमारास इंग्लंड व चीन यांच्यात अफूच्या व्यापारावरून तणाव वाढला आणि ही शाळा बंद पडली. (या व्यापारातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे.) युंग गावी परतले. १८४० मध्ये वडील वारले आणि चार मुलांची जबाबदारी आईवर पडली.

सरवा आणि मुळाक्षरे

अकरा-बारा वर्षांचा युंग पहाटे तीनला उठून गावोगाव मिठाई विकत हिंडे. दिवसाकाठी पंचवीस सेंटांच्या आसपास मिळकत होई. मिठाईचा हंगाम संपला की तो बहिणीबरोबर भाताच्या शेतात सरवा वेचायला जाई. अशाच एका दिवशी बहिणीने कापणीच्या मुकादमाला सांगितले, की आपल्या भावाला इंग्रजी येते. मुकादमाने उभ्या आयुष्यात ती भाषा ऐकली नव्हती. त्याने बोलून दाखवायला सांगितले. मुलगा लाजला, पण कदाचित भाताची मोठी पेंढी मिळेल, असे बहिणीने कानात सांगताच त्याने ओळीने मुळाक्षरे म्हणून दाखविली. कापणी करणारे विळे थांबवून आ वासून ऐकत राहिले. बक्षीस म्हणून भावंडांना उचलवणार नाहीत इतक्या पेंढ्या मिळाल्या.

इंग्रजीने युंग विंग यांना दिलेली ही पहिली कमाई. चरित्रकार सामान्यतः हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगतात. परंतु वडिलांच्या मृत्यूनंतर घरात भाताची ददात असताना ती कमाई झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल वेगळे वाटते.

यानंतर त्यांनी मकाऊत एका कॅथलिक धर्मगुरूच्या छापखान्यात कागदांच्या घड्या घालण्याचे काम धरले. साडेचार डॉलर महिना पगार होता, त्यातील तीन डॉलर ते आईला पाठवीत. चारेक महिन्यांनी डॉक्टर बेंजामिन हॉब्सन या मिशनरी वैद्यांनी त्यांना शोधून काढले. गुट्स्लाफबाईंनी चीन सोडताना या मुलाला हुडकून मॉरिसन शाळेत घालावे, असे हॉब्सन यांना सांगून ठेवले होते. ज्या शाळेतून तो पळाला होता तिच्या बाईंनीच त्याची आठवण ठेवली. शाळेत जाण्यापूर्वी दोनेक महिने त्यांनी हॉब्सन यांच्या रुग्णालयात खलबत्त्यात औषधे कुटून मलमे व गोळ्या तयार केल्या.

मॉरिसन शाळा

रॉबर्ट मॉरिसन हे चीनमध्ये आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी व चिनी-इंग्रजी कोशाचे कर्ते. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेची शाळा नोव्हेंबर १८३९ मध्ये मकाऊत सुरू झाली होती. येलचे पदवीधर सॅम्युअल रॉबिन्स ब्राउन हे तिचे मुख्याध्यापक होते. युंग १८४१ मध्ये दाखल झाले, तेव्हा आधीची पाच मुले त्यांच्यापेक्षा एका वर्षाने पुढे होती. १८४२ साली शाळा हाँगकाँगला हलली.

या शाळेत दिवसाचा अर्धा भाग इंग्रजीला व अर्धा चिनीला दिलेला असे. ब्राउन हे समंजस शिक्षक होते. विद्यार्थ्यांना एखादी गोष्ट का समजत नाही हे ते पाहत. नुसते पाठांतर त्यांना पुरेसे वाटत नसे. १८४५ साली युंग यांनी न्यू यॉर्क व हडसन नदीच्या काल्पनिक प्रवासावर इंग्रजी निबंध लिहिला होता. त्या वेळी तो निबंध म्हणजे केवळ शाळेतील अभ्यास होता.

१८४६ मध्ये प्रकृती बिघडल्याने ब्राउन मायदेशी परतण्यास निघाले. आपल्याबरोबर काही विद्यार्थी नेण्याची इच्छा त्यांनी वर्गात बोलून दाखविली व येऊ इच्छिणाऱ्यांनी उभे राहावे असे सांगितले. युंग सर्वांत आधी उभे राहिले. त्यांच्यापाठोपाठ वाँग फून व वाँग शिंग उठले. आईची संमती मिळविणे सोपे नव्हते. तिने ती दिली, पण मोठ्या दुःखाने. मुलांच्या खर्चाची आणि मागे राहिलेल्या पालकांच्या निर्वाहाची तजवीज हाँगकाँगमधील काही इंग्रज व अमेरिकी गृहस्थांनी केली. हंट्रेस हे चहाचे जहाज ४ जानेवारी १८४७ रोजी व्हाम्पोआहून निघाले आणि सेंट हेलेनामार्गे ९८ दिवसांनी, १२ एप्रिल रोजी न्यू यॉर्कला पोहोचले.

मॉन्सन आणि येल

मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन अकादमीत तिघांचा प्रवेश झाला. त्यांची राहण्याची सोय ब्राउन यांच्या आईच्या निगराणीत झाली. या बाई स्तोत्रे रचणाऱ्या कवयित्री म्हणून परिचित होत्या. येथे इंग्रजी ही वर्गापुरती भाषा राहिली नाही. जेवण, प्रार्थना, बाजार, शेजार हे सर्व तिच्यातच होऊ लागले. प्रकृतीच्या कारणाने वाँग शिंग १८४८ मध्ये परतले. वाँग फून १८५० मध्ये एडिंबरोला जाऊन पुढे डॉक्टर झाले. युंग एकटेच अमेरिकेत राहिले.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैसा नव्हता. अकादमीचे विश्वस्त मदतीस तयार होते. पण शिक्षण पुरे झाल्यावर मिशनरी म्हणून चीनला परत जाईन, असे लेखी वचन द्यावे लागणार होते. युंग विंग यांनी ते नाकारले. ते ख्रिस्ती झालेले होते आणि चीनला परतण्याची त्यांची इच्छाही होती. परंतु चीनच्या उपयोगी पडण्याचा तो एकच मार्ग आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि आधीच शब्दाने बांधून घेतल्यास पुढे येणारी संधी हातची जाईल, असा त्यांचा विचार होता. परदेशात निराधार असलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाने घेतलेला हा निर्णय त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसी निर्णय मानावा लागेल. अखेर जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथील एका महिला मंडळाने अशी कोणतीही अट न घालता मदत देऊ केली.

१८५० मध्ये येलला प्रवेश घेतला तेव्हा त्यांचा लॅटिनचा अभ्यास पंधरा महिन्यांचा, ग्रीकचा बारा महिन्यांचा व गणिताचा दहा महिन्यांचा होता. बरोबरीच्या विद्यार्थ्यांची तयारी कितीतरी अधिक होती. ते मध्यरात्रीपर्यंत अभ्यास करीत, व्यायामाला वेळ मिळत नसे. गणितात, विशेषतः कलनशास्त्रात, त्यांची गती बेताची राहिली. मात्र दुसऱ्या वर्षी सलग दोन सत्रांत इंग्रजी निबंधाचे पहिले पारितोषिक त्यांनी पटकावले. इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा, अशा विद्यार्थ्यांच्या वर्गात हे घडले. महाविद्यालयात यामुळे त्यांचे नाव झाले. खर्च भागविण्यासाठी ते विद्यार्थ्यांच्या एका खाणावळीचा कारभार पाहत व एका वाङ्मय मंडळाचे ग्रंथालय सांभाळत. ऑक्टोबर १८५२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १८५४ मध्ये त्यांच्यासह ९८ विद्यार्थी पदवीधर झाले.

चीनमधील पुढच्या पिढीलाही हेच शिक्षण मिळावे, हा संकल्प त्यांनी येलमध्ये असतानाच केला. पुढील अठरा वर्षे ते त्याच्या मागे होते.

मातृभाषेचे विस्मरण

नोव्हेंबर १८५४ मध्ये ते युरेका जहाजाने निघाले. प्रवासाला १५४ दिवस लागले. हाँगकाँगजवळ चिनी वाटाड्या जहाजावर चढला. आसपास धोक्याचे खडक व उथळ जागा आहेत काय, हे विचारण्यास कप्तानाने युंग विंग यांना सांगितले. त्यांना एकही चिनी शब्द आठवेना. वाटाड्याला इंग्रजी समजत होते; त्यानेच त्यांना त्या गोष्टींचे चिनी शब्द सांगितले. चिनी असून चिनी न येणारा हा गृहस्थ पाहून कप्तान व इतर मंडळी हसली.

पेंढ्या मिळवून देणारी भाषा घेऊन ते गेले होते आणि पेंढीला काय म्हणतात ते विसरून परत आले होते. हे विस्मरण पूर्णपणे त्यांचा दोष म्हणता येणार नाही. सात वर्षांच्या काळात, त्यांतही वाँग फून गेल्यानंतर, त्यांच्याशी चिनीत बोलणारे जवळ कोणी नव्हते. वापर नसलेली भाषा प्रौढ माणसाच्याही जिभेवरून उतरते.

आईच्या भेटीत तिने विचारले, की एवढी वर्षे शिकून मिळालेल्या पदवीबरोबर किती पैसे मिळाले. पदवी म्हणजे रोख बक्षीस नव्हे, तिच्यामुळे माणसाची योग्यता वाढते, हे त्यांनी तिला समजावून सांगितले. थोरल्या भावाला मिशा नसताना धाकट्याने त्या ठेवाव्यात हे तिला रुचले नाही. त्यांनी लगेच जाऊन त्या काढून टाकल्या.

त्यानंतर सुमारे सहा महिने कँटन (ग्वांगझू) येथे राहून त्यांनी बोली व लेखी चिनीचा पुन्हा अभ्यास केला. त्याच वर्षी, १८५५ मध्ये, ताइपिंग बंडाच्या संशयावरून त्या शहरात हजारो लोकांचा शिरच्छेद करण्यात आला. वधस्थळाचे दृश्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मांचू राजवटीविषयीचा त्यांचा विश्वास तेथेच डळमळला.

नोकऱ्या व व्यापार

येलच्या पदवीधराला चीनमध्ये जागा नव्हती. शाही परीक्षा न दिल्याने सरकारी नोकरीचे दार बंद होते, आणि परकीयांकडे मिळणारे काम दुभाष्याचे. काही काळ ते अमेरिकी आयुक्त पीटर पार्कर यांच्याकडे, मग हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयात व नंतर शांघायच्या जकात खात्यात होते. हाँगकाँगला वकिली शिकण्याचा प्रयत्न इंग्रज वकिलांच्या विरोधामुळे फसला. जकात खात्यात चिनी माणसाला कधीही आयुक्त होता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते चहा व रेशमाच्या व्यापारात पडले. १८६० मध्ये त्यांनी नानजिंगला जाऊन ताइपिंग नेत्यांची भेट घेतली व सुधारणांच्या सात सूचना मांडल्या. त्यांना देऊ केलेली पदवी मात्र त्यांनी स्वीकारली नाही.

१८६३ मध्ये थोर सेनानी व मुत्सद्दी झेंग ग्वोफान यांनी त्यांना बोलावून घेतले आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी अमेरिकेला पाठविले. मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग येथे तयार झालेली ही यंत्रे १८६५ मध्ये शांघायला पोहोचली व तेथील जिआंगनान शस्त्रागारात बसविण्यात आली. या कामगिरीनंतर दरबारात त्यांच्या शब्दाला वजन आले.

चिनी शैक्षणिक मोहीम

झेंग ग्वोफान, ली होंगझांग व डिंग रिचांग यांच्या पाठिंब्याने १८७१ मध्ये योजना मंजूर झाली. दरवर्षी ३० याप्रमाणे चार वर्षांत १२० मुले पाठवायची आणि त्यांनी पंधरा वर्षे अमेरिकेत शिकायचे, असे ठरले. पालकांना तसे लिहून द्यावे लागे. पुढारलेल्या घरांतील लोक मुलांना इतक्या दूर पाठविण्यास तयार नव्हते. बहुसंख्य मुले ग्वांगडोंगची, म्हणजे युंग विंग यांच्याच प्रांतातील मिळाली. पहिली तुकडी १८७२ च्या ऑगस्टमध्ये शांघायहून निघाली.

मुख्य कार्यालय कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे होते. मुलांना एकत्र वसतिगृहात न ठेवता दोन-दोन, तीन-तीन करून न्यू इंग्लंडमधील कुटुंबांत ठेवण्यात आले. युंग विंग मॉन्सनला जसे शिकले होते, त्याच पद्धतीने या मुलांनी इंग्रजी शिकावी हा हेतू उघड होता. मातृभाषा विसरली जाऊ नये म्हणून चिनी शिक्षकही बरोबर नेले होते आणि ठरावीक काळाने मुलांना हार्टफर्डला येऊन चिनी अभ्यास करावा लागे. वाटाड्यासमोर झालेली आपली फजिती मुलांच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

मुलांनी इंग्रजी झपाट्याने उचलली. त्याबरोबर इतरही गोष्टी उचलल्या. ती बेसबॉल खेळू लागली, काही चर्चमध्ये जाऊ लागली, काहींना लांब वेणी नकोशी झाली. वेणी कापणे हा त्या काळी राजद्रोह समजला जाई. सहआयुक्त चेन लानबिन आणि नंतर आलेले वू झिडेंग यांना हे मुळीच रुचले नाही. मुले चिनी राहिलेली नाहीत, असे अहवाल बीजिंगला जाऊ लागले. युंग विंग यांनी मुलांची बाजू घेतली, पण स्वतः अमेरिकी नागरिक असलेल्या व १८७५ मध्ये मेरी केलॉग या अमेरिकी स्त्रीशी विवाह केलेल्या माणसाच्या साक्षीला दरबारात किती किंमत मिळणार, हा प्रश्नच होता. अमेरिकी सरकारनेही चिनी विद्यार्थ्यांना आपल्या लष्करी व नाविक अकादमींत घेण्यास नकार दिला. हार्टफर्डचे धर्मोपदेशक जोसेफ ट्विचेल व लेखक मार्क ट्वेन यांच्या विनंतीवरून माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ली होंगझांग यांना पत्र लिहिले. तरीही १८८१ मध्ये मोहीम गुंडाळण्यात आली. तोवर येलची पदवी दोघांच्याच हाती पडली होती.

परतलेल्या मुलांचे स्वागत संशयाने झाले. त्यांना तारखाते, आरमार, खाणी अशा ठिकाणी वाटून देण्यात आले. काही १८८४ च्या फूझो येथील सागरी लढाईत मारले गेले. उरलेल्यांची योग्यता कळायला वीस-पंचवीस वर्षे जावी लागली. झान तिआनयू यांनी १९०९ मध्ये बीजिंग–झांगजियाकोऊ हा परकीय अभियंत्यांविना बांधलेला लोहमार्ग पूर्ण केला. तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. तांग ग्वोआन हे छिंगह्वा शाळेचे प्रमुख झाले. आजचे छिंगह्वा विद्यापीठ ते हेच.

उत्तरायुष्य

मोहीम चालू असतानाच युंग विंग यांनी पेरूमधील चिनी मजुरांच्या हालांची प्रत्यक्ष चौकशी केली. त्यांनी आपल्या अहवालाला मजुरांच्या पाठीवरील वळांची छायाचित्रे जोडली. १८७८ मध्ये ते अमेरिकेतील चिनी वकिलातीत उपमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी आपला चिनी ग्रंथसंग्रह येलला दिला. १८८६ मध्ये पत्नी निवर्तली. मॉरिसन व बार्टलेट या दोन्ही मुलांचे शिक्षण पुढे येललाच झाले.

जपानकडून झालेल्या पराभवानंतर १८९५ मध्ये त्यांना चीनला बोलावण्यात आले. रेल्वे व राष्ट्रीय बँकेच्या त्यांच्या योजना कागदावरच राहिल्या. १८९८ च्या सुधारणावाद्यांशी संबंध असल्याने चळवळ दडपली जाताच त्यांना बीजिंग सोडावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांचे ४६ वर्षांपूर्वीचे नागरिकत्व मानण्यास नकार दिला, कारण आता कायद्याने चिनी माणूस अमेरिकी नागरिक होऊ शकत नव्हता. एका देशाने बंडखोर ठरविले आणि दुसऱ्याने परका. तरीही १९०२ मध्ये धाकट्या मुलाच्या पदवीदानाच्या सुमारास ते अमेरिकेत पोहोचले आणि हार्टफर्डला स्थायिक झाले.

१९०९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र न्यू यॉर्कला प्रसिद्ध झाले. ते त्यांनी इंग्रजीत लिहिले. चीनमधील वाचकांना ते १९१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, चिनी अनुवादातून वाचायला मिळाले. हार्टफर्डच्या सीडर हिल दफनभूमीत त्यांची समाधी आहे.